दवंडीतलं नाव

फार पूर्वी शोणावती नगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी अमात्य होऊन राहिला होता. त्याचं नाव सुहित. त्याच्या शेजारच्या आसनावर रोहक नावाचा दुसरा अमात्य बसे, आणि ही कथा खरं तर या रोहकाच्या पोटदुखीची आहे.

रोहक हुशार होता, कष्टाळूही होता. पण सुहिताचं कुणी कौतुक केलं की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. सुहित मांस खात नसे. त्यावरून तो कुणाला उपदेश करीत नसे, की कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडीत नसे. तरी लोक म्हणत, किती दयाळू माणूस! 'भाजी खाल्ली की झाला साधू,' असं रोहक घरी येऊन पुटपुटे आणि माशाचं कालवण भुरकत बसे. लहानपणी आई गेली तेव्हापासून सामा दाईनंच त्याला वाढवलं होतं. ती त्याला आणखी वाढी.

एकदा राजानं दरबारात विचारलं, प्रजेनं मांस सोडावं काय? सुहित म्हणाला, सोडलं तर फार बरं. जनावरालाही जीव आपल्याइतकाच प्यारा असतो. पण नदीकाठचे कोळी मासळीवरच जगतात. त्यांना आधी पोट भरायचं दुसरं साधन द्यावं, आणि बाकीच्यांना समजावीत जावं. राजा मान डोलवू लागला, आणि इकडे रोहकाच्या कानात दवंडी वाजू लागली. कारण त्या नगरीची रीत अशी, की ज्याच्या सांगण्यावरून आज्ञा निघे त्याचं नाव दवंडीत पुकारलं जाई. म्हणजे आता चौकाचौकात सुहिताचा जयजयकार! रोहक ताडकन उठला. समजावीत बसलो तर जन्म जाईल, तो म्हणाला. आजपासूनच मांसमच्छी बंद करावी, आणि जो आणील त्याचा हात तोडावा. इतकी कडक दया राजानं कधी ऐकली नव्हती. तो भारावून गेला. सुहितानं शिक्षेला विरोध केला, पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

'अमात्य रोहकांच्या विनंतीवरून' अशी दवंडी पिटली गेली, तेव्हा रोहक गच्चीत उभा राहून ऐकत होता. हे सुख फार टिकलं नाही. धाकानं लोकांनी मांस सोडलं खरं, पण नाव घेत ते सुहिताचंच. त्यात कालवणावाचून रोहकाच्या घशाखाली घास उतरेना. तो वाळत चालला. सामाला ते बघवेना. एके सकाळी ती नदीपलीकडच्या गावाहून टोपलीत पालेभाजीखाली मासे झाकून आणताना वेशीवर पकडली गेली.

दरबारात राजानं विचारलं, मासे कुणासाठी? ती म्हणाली, "म्हातारीची जीभ चटावली, महाराज. घरात कुणाला ठाऊक नाही." रोहकाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

रोहकानं विनंती केली तर आज्ञा मागे घेता येत होती. पण मग चूक कुणाची, तेही दवंडीत सांगावं लागे. सगळं नगर हसेल. सुहित ऐकेल! ज्या हातानं त्याला भरवलं तो समोर बांधलेला होता, आणि याच्या मनात काय, तर सुहित ऐकेल. मत्सर माणसाला इतकं खाली आणतो.

तेवढ्यात सुहित उठला. "महाराज, हरणावर दया करायला निघालेली आज्ञा या म्हातारीचा हात मागते आहे. हात तरी कशाचा असतो? मांसाचाच. त्या दिवशी मी अडून बसायला हवं होतं, ते बसलो नाही. आज्ञा मागे घ्या, आणि सुहित चुकला म्हणून दवंडी पिटवा."

सभा हेलावली. ते पाहून रोहकाच्या अंगाची आग आग झाली. सामा माझी, कालवण माझं, आणि माझी चूकसुद्धा हाच घेणार?

"नाही," तो ओरडला. "चूक माझी आहे. मासे माझ्यासाठी होते. नाव माझंच पुकारा."

तो उठला होता मत्सरानं, पण बोलणं संपेपर्यंत त्याला रडू कोसळलं. राजानं सामाचे हात सोडवले. तिनं रोहकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

संध्याकाळी चौकाचौकात दवंडी फिरली, 'अमात्य रोहक चुकले.' त्या दिवशी सर्वांत आनंदी होता तो सुहित. रोहकाएवढं धैर्य आपल्याला झालं नसतं, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला, आणि ते मनापासून. राजानं कोळ्यांना जमिनी दिल्या. पुढे कुणी मांस सोडलं, कुणी नाही. रोहकानं सोडलं.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता, भिक्षूंचे गुरू, थांबले. सोबत्याच्या भिक्षापात्रात आपल्यापेक्षा जास्त काय पडलं, हे रोज डोकावून पाहणारा एक भिक्षू समोर मान खाली घालून बसला होता. "तेव्हाचा रोहक हाच," शास्ता म्हणाले. "याला आजही प्रेमानं भिक्षा वाढणारी ती वृद्ध उपासिका म्हणजे सामा. राजा म्हणजे आपला हा भिक्षू आनंद, आणि सुहित मीच. दुसऱ्याचं भलं झालेलं पाहून आपलं मन निवतं, त्याला मुदिता म्हणतात."