दंतमणी

एका राज्यात, जिथले डोंगर वर्षातून एकदा कूस बदलत आणि कोणी त्याचं नवल करत नसे, कुमुद्वती नावाची राणी होती. कोठारं भरलेली, नद्या भरलेल्या. राणी मात्र दमलेली. तिचा जबडा दुखत असे. तोंड उघडलं की कानापाशी ‘कट्’ वाजे, घास चावला की कळ कपाळापर्यंत जाई. पण राणीला दुखतं म्हणून दरबार काही बंद राहत नाही.

त्या घराण्याची एक रीत होती. सिंहासनावर बसलं की दंतमणी दाढांखाली घट्ट धरायचा. बोलायची वेळ आली तर गालात सरकवायचा, बोलून झालं की पुन्हा दाढेखाली. मणी शापित आहे, सोडला तर राज्य बुडेल, असं सगळे म्हणत. का बुडेल, हे कोणी विचारलं नाही. अकरा पिढ्या गेल्या.

दुसरी रीत अशी, की वर्षातून एकदा बुरुजावर उभं राहून सात गावांना नावाने हाक मारायची. हाक पोचली की गाव वर्षभर सुखरूप. नाही पोचली तर धुकं त्याला गिळी. गेल्या वर्षी राणीने दोन नावं घेतली आणि तिसऱ्याला जबडा अडकला. तिने जोर केला, तसा तो आणखीच अडकला. जबडा सुटल्यावर उरलेली चार नावं तिने कशीबशी घेतली, पण तोवर सावरवाडी धुक्यात गेली होती. राणीची एकुलती एक लेक नीलांबा तिथेच सासरी होती.

मग उपाय सुरू झाले. राजवैद्याने चामड्याच्या पट्ट्याने हनुवटी आवळली. एका मांत्रिकाने तो ‘कट्’ आवाज तांब्याच्या डबीत कोंडला. दुपारपर्यंत आवाज परत आला आणि मांत्रिक डबी घेऊन निघून गेला. राणी स्वतः रोज सकाळी तोंड ताणून बघे, आवाज गेला का. आवाज जात नसे, दुखणं तेवढं वाढे.

हाकेला चाळीस दिवस उरले, तेव्हा राणी देवराईत गेली. तिथे दोनशे वर्षांची धनेश पक्षीण राहत असे.

“माते, हा आवाज माझ्यातून काढा.”

पक्षिणीने चोच मिटली. खट्ट वाजलं. “माझी चोच जन्मभर वाजते आहे आणि मी जन्मभर पोटभर जेवते आहे. दुखतं कधी, ते सांग.”

हे राणीला कोणी विचारलं नव्हतं. “दरबार उठल्यावर. राग आला आणि गिळावा लागला, तर जास्तच. पहाटे जागी होते तेव्हाही दाढा एकमेकींवर रुतलेल्या असतात.”

“मग त्या आवाजाच्या मागे कशाला लागलीस? तीन कामं कर. पहिलं, या राईत अग्निनाग राहतो, त्याच्या गरम पाण्याच्या कुंडात फडकं भिजवून रोज गालांवर ठेव, आणि मऊ खिमट खा.”

अग्निनागाने कुंडाचा मोबदला मागितला: एक घटका स्वस्थ बसायचं. राणीने याहून कठीण मोबदला कधी दिला नव्हता. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली. आठव्या दिवशी बसल्या बसल्या तिचे खांदे खाली उतरले, आणि इतकी वर्षं ते वर होते हे तिला तेव्हा कळलं.

“दुसरं,” पक्षीण म्हणाली, “हे माझं पीस. दरबाराबाहेर ओठ मिटून दातांच्या मध्ये ठेव. जीभ टाळूला टेकव. पिसावर दाताची खूण उमटता कामा नये.”

पहिल्या संध्याकाळी पिसाच्या चिंध्या झाल्या. सकाळी ते पुन्हा अखंड होई, संध्याकाळी पुन्हा चिंध्या. राणी वैतागली, रडलीही. विसाव्या दिवशी पीस जसंच्या तसं राहिलं. कळ निम्मी झाली होती. दरबार भरला की मात्र परतून येई.

“तिसरं. मणी घेऊन ये.”

राणी मुठीत घेऊन आली.

“हा मीच दिला होता,” पक्षीण म्हणाली. “तुझ्या पूर्वजाने रागाच्या भरात अर्धी देवराई जाळली. मी म्हटलं, राग आला की हा दाढेखाली धर, आणि उतरला की थुंकून टाक. पुढचं तुम्ही ऐकलंच नाही.”

“अकरा पिढ्या?”

“अकरा पिढ्या. शाप मी दिला नाही. तुम्ही चावून चावून केलात.”

राणीला आपले वडील आठवले. शेवटची दहा वर्षं ते नुसता ताकभात खात, आणि का, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तिला त्यांची फार दया आली. तिने मूठ सोडली.

मणी गवतावर पडून शेंगेसारखा उकलला. आतून चिमण्या उडाल्या; राजांनी गिळलेला एकेक शब्द एकेक चिमणी झाला होता. बहुतेक चिमण्या ‘पुरे आता’ एवढंच म्हणत होत्या.

हाकेच्या दिवशी राणी मण्याशिवाय बुरुजावर चढली.

“महाराणी, रीत!” प्रधान म्हणाले.

“रीत आपण अर्धीच ऐकली होती, प्रधानजी.”

आंबेसर. कट्. घोटवण. कट्. सगळ्या प्रजेने ऐकलं, आणि राणीने ऐकू दिलं. तिसऱ्या नावाला जबडा पुन्हा अडखळला. या वेळी तिने जोर केला नाही. ओठ मिटले, जीभ टाळूला लावली, गालावर तळहात ठेवून उभी राहिली. खाली कुजबुज झाली, प्रधानांना घाम फुटला. राणी थांबली ती थांबलीच. मग तोंड थोडंसंच उघडून, शेजाऱ्याला हाक मारावी तशी म्हणाली, “सावरवाडी.”

दुधावरची साय सरकावी तसं धुकं सरलं. उरलेली चार गावं तिने सावकाश घेतली.

दुपारी नीलांबा आली. तिच्या हातांना भाकरीचं पीठ लागलेलं होतं. बाहेर वर्ष गेलं, तरी धुक्यात एक सकाळच गेली होती.

“आई, दोन नावं घेऊन तू मध्येच थांबलीस, म्हणून बघायला आले. एवढ्यात तुझे केस कसे गं पिकले?”

राणी सांगणार होती, पण तिला जांभई आली. कितीतरी वर्षं तिने जांभया भीतीने दाबल्या होत्या. हनुवटीखाली मूठ टेकवून तिने भर लोकांत लहानशी जांभई दिली, बुरुजाच्या पायरीवर बसली, आणि लेकीच्या खांद्यावर मान टाकून झोपी गेली. प्रधानांनी हाताने खूण केली, तसा दरबार पाय न वाजवता घरी गेला.

थंडीत तिचा जबडा पुढेही ठणके. मग ती फडकं गरम करायला सांगे आणि त्या दिवशी खिमट खाई. गावं मात्र सातही जागच्या जागी राहिली. राणीला जशी झोप लागली, तशी ऐकणाऱ्यांना लागो, आणि सांगणाऱ्यालाही लागो. तोही दमला आहे.