गोजराचा तुरा

अहो ताई, त्या मधल्या तुऱ्याला हात लावू नका. बाकीची बडीशेप हवी तेवढी तोंडात टाका, आमच्या करंजपाडीत पाहुण्याला कोणी अडवत नाही. खरं तर मधला तुराच आधी पिकतो आणि दाणेही त्याचेच टपोरे. तरी इथल्या कोणत्याही परसात तो कापलेला दिसणार नाही. वाळतो आणि तिथंच गळतो.

फार पूर्वी इथं तुळसा नावाची बाई राहत होती, असं सांगतात. तिची एकुलती एक लेक गोजरा नदीपलीकडच्या गावी दिलेली. दिवाळसण आटोपून सासरी निघताना गोजरानं परसात बडीशेप पेरली आणि म्हणाली, "आई, मधला तुरा मीच कापणार हं." तुळसा बाजूचे फुटवे खुडत राहिली, मधल्याला जपत राहिली.

माघात पलीकडे साथ आली. माणसं पटापट मरू लागली. गावानं वेस बंद करायचं ठरवलं, त्यात सगळ्यांत पुढे तुळसाच होती म्हणे. लेक येईल तेव्हा गाव धडधाकट असावं, एवढंच तिच्या मनात. देवीपुढे भंडारा उचलून पहिली शपथ तिनंच घेतली, साथ सरेपर्यंत कोणालाही आत घ्यायचं नाही. स्वतःच्या कुंपणाच्या बोरीच्या काट्या तिनं वेशीत आणून टाकल्या.

शेप पिकली आणि गोजरा आली. सासरी कोणी उरलं नव्हतं, तिच्याही अंगात ताप होता. काट्यांपलीकडून तिनं हाक मारली. सगळा गाव तुळसाकडे बघत राहिला. एकानंही तोंड उघडलं नाही, मला राग येतो तो त्याचाच.

"परत जा, बाई," तुळसा म्हणाली. "भंडारा उचललाय मी."

"मग माझा तुरा तरी ठेव गं," एवढं बोलून गोजरा वळली. पुढे ती कोणाला दिसली नाही.

आणि साथ? ती धान्याच्या पोत्यांबरोबर आधीच आत आली होती. निम्मं गाव गेलं. तुळसा जगली, तिला मरणही लवकर आलं नाही. दर साली ती शेप कापायची, मधला तुरा ठेवायची आणि वेशीत जाऊन बसायची. ती गेल्यावर उरलेल्यांनी आपापल्या परसात तोच नेम धरला. त्यानं काही फिटलं असं कोणी मानत नाही. असली गोष्ट फिटत नसते.

आजही शेप कापून झाली की बायका वेशीकडे तोंड करून म्हणतात, "गोजरा, तुझा तुरा ठेवलाय गं." उत्तराची वाट कोणी बघत नाही. विळा धुतात आणि घरात जातात.