ज्याचं नाव त्याच्यापाशी

शिरसवाडीत एक भोळा घरजावई राहत होता. भोळा हा सासूबाईंचा शब्द. गाव त्याला सरळ मूर्ख म्हणायचं, आणि निदान या एका बाबतीत गावाचं बरोबर होतं.

त्याचं नाव धोंडीराम. त्यातला राम कुणाला कधी दिसला नाही.

गावावर लेण्यांचा डोंगर होता. लेणी बघायला कुठकुठल्या देशांतली माणसं यायची आणि धोंडीरामाच्या सासऱ्यांकडे, म्हणजे रंगोबांकडे उतरायची. रंगोबांची चार खोल्यांची खानावळ होती. गावात आपल्याइतका शहाणा दुसरा नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी कधी कुणापासून लपवलं नाही. तरी आपल्या मुलीसाठी, सगुणेसाठी, त्यांनी धोंडीराम पसंत केला होता. आता हे शहाणपण कुठल्या मापाने मोजायचं ते तुम्हीच ठरवा.

खानावळीत रोज पोतनीस मास्तर चहाला यायचे. मास्तर निवृत्त होते, चहा फुकट होता आणि जगातल्या यच्चयावत नावांचे अर्थ आपल्याला पाठ आहेत असं ते सांगायचे. एक दिवस ते बशी ओठाला लावत म्हणाले, “रंगोबा, नाव म्हणजे नुसता आवाज नव्हे. आधी नावाचा अर्थ ओळखावा. मग माणसाला कसं वागवायचं ते आपोआप कळतं.”

रंगोबांना हे फार पटलं. न कळलेलं त्यांना नेहमीच फार पटायचं. त्यांनी धोंडीरामाला बोलावलं.

“जावईबापू, ऐकलंत? आजपासून पाहुण्याचं नाव विचारायचं, मास्तरांकडून अर्थ काढायचा आणि अर्थाप्रमाणे सरबराई करायची.”

“अर्थाप्रमाणे,” धोंडीराम म्हणाला.

त्याच दिवशी एक पाहुणा आला. मोठा, गोरा, डोक्यावर एक केस नाही. नाव पीटर. धोंडीराम धावत मास्तरांकडे गेला.

“पीटर? मूळ ग्रीक,” मास्तर म्हणाले. “म्हणजे खडक. आपल्याकडे दगडू असतो ना, तसा.”

धोंडीराम विचारात पडला. तो विचारात पडला की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असे. दगडाची सरबराई कशी करायची? लहानपणापासून त्याने एकच रीत पाहिली होती.

पीटर डोंगर चढून दमला होता. दुपारी ओसरीवर चटई टाकून तो गाढ झोपला. धोंडीरामाने वाटीत तेल घेतलं, त्यात शेंदूर कालवला आणि त्या गुळगुळीत टकलापासून हनुवटीपर्यंत बोटबोट जाड थापला. कानावर झेंडूचं फूल ठेवलं. पायाशी नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि हात जोडून बाजूला उभा राहिला.

रस्त्याने चंपाकाकू चालली होती. शिरसवाडीत शेंदूर दिसला की माणसं हात जोडतात. खाली दगड आहे की पाहुणा, हे कुणी बघत नाही. काकूने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, गाऱ्हाणं घातलं आणि तांब्याभर गार पाणी देवाच्या मस्तकावर ओतलं.

देव ओरडत उठून बसला.

“जागृत आहे गं बाई, जागृत आहे!” काकू किंचाळली, आणि अर्धं गाव नारळ घेऊन धावत आलं.

पीटर तसाच शेंदरी तोंडाने पिशवी उचलून पळाला. मागून लोक जयजयकार करत होते.

रंगोबांनी कपाळावर हात मारला. जावई म्हणून ते धोंडीरामाला अहोजाहो करत, मूर्ख म्हणून अरेतुरे. हळूहळू अहोजाहोचे प्रसंग कमी होत चालले होते.

“अरे मूर्खा, नाव दगड म्हणून माणूस दगड होतो का? पाहुण्याला शेंदूर फासतात? त्याला गादी घालायची, पाणी द्यायचं, ताट वाढायचं! आणि एक लक्षात ठेव. या घरात पाहुणा पानावर बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. ही आपली रीत आहे.”

“कुणी घास उचलायचा नाही,” धोंडीराम म्हणाला.

पुढचा पाहुणा थॉमस. काडीसारखा बारीक, चष्मेवाला, आल्या आल्या पोटावर हात ठेवून भूक लागल्याची खूण करणारा. धोंडीराम मास्तरांकडे जाऊन आला. थॉमस म्हणजे जुळा. कुठल्याशा जुन्या अरामी भाषेतला शब्द, असं मास्तर म्हणाले होते.

धोंडीरामाने दोन गाद्या घातल्या. दोन बादल्या पाणी काढलं. दोन ताटं वाढली. थॉमस एका ताटावर बसला आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला. धोंडीरामाने त्याचा हात धरला.

“दुसरा कुठाय?”

“दुसरा कोण?” थॉमसने मोडक्या हिंदीत विचारलं.

“तुमचा भाऊ. जुळा.”

“मला भाऊ नाही.”

“असं भावाला नाही म्हणू नये,” धोंडीराम गंभीरपणे म्हणाला. “पाहुणा पानावर बसल्याशिवाय या घरात कुणी घास उचलत नाही. एक बसला, एक यायचाय. थांबा.”

आमटी निवली. सगुणा सात महिन्यांची पोटुशी होती, तीही उपाशी थांबली. ती म्हणाली, “अहो, जेवू द्या की त्याला बिचाऱ्याला.” पण धोंडीराम नियमाचा पक्का. तो पाटलांकडे गेला आणि डोंगरात एक परदेशी हरवल्याची वर्दी देऊन आला.

मग काय! शिरसवाडीला कामधंदा कधीच नव्हता. सगळे काठ्या घेऊन निघाले. विहिरीत गळ टाकले, लेण्यांमध्ये हाका मारल्या. उन्हं कलेपर्यंत हरवलेला भाऊ बघितल्याचं सांगणारेही निघाले. कुणाला तो ओढ्यावर दिसला, कुणाला करवंदीच्या जाळीत. शेवटी गुरवाने त्याला पकडूनच आणलं. आंब्याखाली बसून कच्च्या कैऱ्या खात होता म्हणे.

“हाच!” गुरव म्हणाला. “हुबेहूब त्याच्यासारखा.”

तो थॉमसच होता. भुकेने कळवळून मागच्या दाराने निसटला होता.

धोंडीराम मात्र खूश झाला. “भाऊ सापडला,” तो म्हणाला. “आता तो पहिला कुठे गेला?”

थॉमसने त्याच पावली गाव सोडलं. रंगोबांचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेला.

“अरे मूर्खा, जो दारात उभा आहे तोच पाहुणा! त्या मास्तरांना विचारणं बंद कर. ज्याचं नाव, अर्थ त्यालाच विचारायचा. आणि तो सांगेल तसंच करायचं. समजलं?”

“तो सांगेल तसंच.”

यानंतर रंगोबांनी खानावळीच्या भिंतींना चुना मारला, खिडक्यांना पडदे लावले. घाना नावाच्या देशातला एक अभ्यासक येणार होता. त्याला राहणं-जेवणं पसंत पडलं, तर मागून त्याची सगळी तुकडी येऊन पावसाळ्यापर्यंत राहणार होती. समोरच्या खानावळीचा मालक भिवसेनही त्या तुकडीवर डोळा ठेवून होता. रंगोबांनी जावयाला बजावलं, “यात घोळ घातलास, तर तुझं गाठोडं बांधून तुझ्या गावी रवाना करीन. सगुणा इथेच राहील.”

सगुणेवर धोंडीरामाचा जीव होता. साऱ्या गावात त्याला पाहून न हसणारी ती एकटीच होती.

बुधवारी पाहुणा आला. उंच, हसरा, लाघवी माणूस. रंगोबा नेमके बाजारात गेले होते. धोंडीरामाने नमस्कार केला.

“नाव?”

“कोफी.”

तो सांगेल तसंच करायचं. धोंडीराम आत गेला आणि वाफाळती कॉफी घेऊन आला. पाहुणा खूश झाला, प्यायला. धोंडीराम पुन्हा समोर उभा राहिला.

“आता नाव?”

“कोफी.”

पुन्हा कॉफी आली. पाहुणा सभ्य होता, त्याने तीही संपवली. तिसऱ्यांदा नाव विचारल्यावर त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि सावकाश, शब्द वेगळे करून समजावलं. “कोफी, हे माझं नाव. प्यायची नाही. आमच्याकडे मुलगा शुक्रवारी जन्मला की कोफी म्हणतात. मी शुक्रवारचा.”

“शुक्रवारचे?” धोंडीराम चमकला. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. “पण आज बुधवार आहे.”

“हो.”

“मग शुक्रवारी या.”

पाहुण्याला हसावं की काय ते कळेना. तोवर धोंडीरामाने त्याची पेटी डोक्यावर घेतली होती. अगदी आदराने तो त्याला एसटीच्या थांब्यावर घेऊन गेला, सावलीत बसवलं, नमस्कार केला. परत येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आला, “कोफी नावाचे घान्याचे पाहुणे. शुक्रवारचे आहेत, चुकून बुधवारी आले. थांब्यावर बसवलेत.”

ते भिवसेनच्या कानावर गेलं. त्याला शुक्रवार-बुधवाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने थांबा गाठला, “कोफीसाहेब, या या,” म्हणत पेटी उचलली आणि पाहुण्याला आपल्या घरी नेलं. मागून तुकडीही तिथेच उतरली. रंगोबांचे नवे पडदे वाऱ्यावर नुसते हलत राहिले.

धोंडीरामाचं गाठोडं खरंच बांधून झालं होतं. पण सगुणा उंबऱ्यात आडवी बसली. “यांच्याबरोबर माझंही बांधा,” ती बापाला म्हणाली. दिवस भरत आलेले, त्यात लोक काय म्हणतील. रंगोबांना माणसांपेक्षा लोकांचं भय जास्त. त्यांनी दात-ओठ खात गाठोडं सोडलं आणि जावयाला शेवटचं बजावलं.

“पाहुण्याचं नाव गावभर सांगत फिरलास म्हणून त्या भिवसेनने डाव साधला. आता हे कानात कोरून ठेव. नाव ज्याचं त्याच्यापाशी. दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. आणि तूसुद्धा ऐकलंस की विसरायचं!”

“ऐकलं की विसरायचं,” धोंडीराम म्हणाला, आणि हे मात्र तो विसरला नाही.

सगुणेला मुलगा झाला. रंगोबांना नातवाचं नाव भारदस्त हवं होतं. त्यांनी चार अक्षरांखालचं नाव चालणार नाही असं जाहीरही केलं. पण सगुणा बाजेवरून ठामपणे म्हणाली, “माझ्या पोराचं नाव त्याचा बाप ठेवील. आजवर सगळं गाव त्यांना शिकवत आलंय. एकदा तरी त्यांच्या मनाचं होऊ द्या.”

धोंडीरामाचे डोळे भरून आले. असं कुणी त्याच्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

बारशापर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. येईल त्या प्रवाशाला तो तुमच्या देशातलं चांगलं नाव सांगा म्हणायचा. कुणी युसुफ सुचवलं, म्हणजे देव आणखी देवो. सगुणा अजून उठून बसत नव्हती, आणखी कशाला, म्हणून ते राहिलं. एका जपान्याने तारो सुचवलं, म्हणजे थोरला. धाकटा झालाच नाही तर हा कुणाचा थोरला, म्हणून तेही राहिलं. फेलिक्स म्हणजे सुखी. पण पोर दिवसभर रडायचं, नाव खोटं पडलं असतं. अलेक्झांडर म्हणजे माणसांचा रक्षक. त्याला तर अजून मान धरता येत नव्हती.

मग एका सकाळी तो डोंगरावरून हसत खाली आला. नाव सापडलं होतं. कुणाचं ऐकलेलं नाही, त्याचं त्याला सुचलेलं. सगुणेने विचारलं तेव्हा तो लाजला आणि म्हणाला, “बारशाला.” त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, नाव खरंच सुंदर असणार. ती आयुष्यात इतकी निश्चिंत कधी झोपली नव्हती.

बारशाला सगळं गाव लोटलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं, मास्तर पहिल्या रांगेत. भिवसेनही आला, फजिती बघायला. धोंडीरामाला बहीण नव्हती. आत्या नाही म्हटल्यावर नाव सांगण्याचा मान सगुणेने त्यालाच दिला होता.

तो पाळण्यावर वाकला. “कुर्रर्र!” बायकांनी त्याच्या पाठीत धपाधप बुक्के मारले. त्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाळ शांतपणे ऐकत होतं. धोंडीराम सरळ उभा राहिला. तोंडावर असं समाधान, की मास्तरांनाही क्षणभर त्याचा हेवा वाटला.

“सांगा जावईबापू,” रंगोबा खूप दिवसांनी अहोजाहोवर येऊन म्हणाले, “काय ठेवलंत?”

“ज्याचं त्याला सांगितलं.”

“आम्हाला सांगा.”

“दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. तुम्हीच म्हणालात, मामा.”

माणसं हसू लागली. रंगोबांच्या मानेवरची शीर फुगली. “अरे मूर्खा, ते पाहुण्याचं! आता मीच सांगतोय ना, बोल!”

“आता कसं बोलणार?” धोंडीराम शांतपणे म्हणाला. “ऐकलं की विसरायचं, हेही तुम्हीच म्हणालात. माझ्या तोंडून मीच ऐकलं. विसरलो.”

हसणं थांबलं. सगुणेने डोळे मिटून घेतले. मास्तरांनी खिशातून उगीच चष्मा काढला आणि पुन्हा आत ठेवला. सगळ्या गावाच्या माना हळूहळू पाळण्याकडे वळल्या. नाव माहीत असलेला शिरसवाडीत आता एकच माणूस होता, आणि तो अंगठा चोखत होता.

रंगोबा, गावातले सगळ्यात शहाणे, लुगड्यांच्या गर्दीतून वाट काढत पुढे आले. पाळण्याच्या काठावर दोन्ही हात ठेवून ते खाली वाकले आणि जन्मात कुणाशी बोलले नव्हते इतक्या गोड आवाजात म्हणाले, “बाळा, काय रे सांगितलं बाबांनी? आठवतंय का तुला?”

धोंडीरामाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“उगाच दमू नका, मामा,” तो म्हणाला. “नाव सांगून झाल्यावर मी त्यालाही बजावलंय. ऐकलंस की विसर.”