देवधानाचं पान

“गुरुजी, सांगा ना... माझ्या ग्रंथात कमी काय आहे?”

प्राध्यापक मोरेश्वर कापगते यांनी तिसऱ्यांदा विचारलं. थोर कादंबरीकार दाजीसाहेब बोरकुटे यांचं साहित्य आणि शाश्वत विकास, या विषयावर त्यांनी सहाशे पानं लिहिली होती. दिल्लीत कौतुक झालं होतं. आता शाळेतल्या लांजेवार गुरुजींनी पाठीवर हात ठेवावा, एवढ्यासाठी ते भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी आले होते.

गुरुजी तलावाच्या पाळीवर बसून ग्रंथ चाळत होते. पाठीवर हात काही येईना.

“दाजीसाहेबांच्या कादंबरीतल्या तलावात कोणतं गवत होतं रे?”

“देवधान. पान अठ्ठ्याऐंशी. निसर्ग आणि माणूस यांच्या सहजीवनाचं ते प्रतीक...”

“लावतात कसं ते?”

मोरेश्वर ग्रंथातलं अठ्ठ्याऐंशीवं पान शोधायला वाकले.

गुरुजींनी ग्रंथ मिटला आणि टोपलीतली ओली रोपं त्यांच्या हातात दिली.

“जोडे काढ.”

इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मोरेश्वर चिखलात उतरले. पुढे तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायका वाकून रोपं लावत होत्या. त्यांतल्या इंदिराबाई मारबते त्यांच्याकडे बघून हसल्या.

“अशी नाई जी. मूळ पसरून घ्या, मंग अंगठ्यानं दाबा. दाजीसायबानं लिवलं हाये तसं.”

“तुम्ही वाचलंय?”

“मले कुठं वाचता येते? तुमच्या मास्तरनं वाचून दाखवलं. तलावात बेशरमीच्या तणाचं रान माजलं होतं, मासा गेला होता. आमचे माणसं मजुरीले नागपूरले. मास्तर वाचत गेले, आन् माह्या सासूले आठवत गेलं, कोणतं गवत कुठं होतं ते. बेशरम उपटाले दोन वर्षं लागले, मंग हे गवत लावलं.”

“आणि मासे?”

“आले ना जी. माणसं बी आले.”

मोरेश्वरांनी मूळ पसरलं, अंगठ्यानं दाबलं. रोप कलंडलं. त्यांनी पुन्हा लावलं. इंदिराबाईंनी मान हलवली... अजून खोल.

ऊन डोक्यावर आलं. पाठ भरून आली, पण इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ज्या चार ओळींवर आपण चाळीस पानं खर्ची घातली, त्या ओळींत दाजीसाहेबांनी रोप लावायची साधी रीत सांगून ठेवली होती. आणि आपण तिला प्रतीक म्हणत बसलो! त्यांना एकट्यालाच हसू फुटलं.

शेवटचं रोप उभं राहिलं, तसे ते चिखलानं माखलेले हात उंचावून, पाणी उडवत पाळीकडे धावले.

“गुरुजी! आज मला दाजीसाहेब कळले!”

गुरुजींनी हात वर करून त्यांना जागच्या जागी थांबवलं.

“कळले ना... मग हळू चाल. पायाखाली माशांची अंडी आहेत.”