मेजरसाहेबांचं कुंकू

मंडळी, ब्रह्मदेशातल्या लढाईत शिपाई सोनू धुरीच्या कमरेला घरचा कोयता असायचा. उद्या बांबूच्या रानात शिरायचं आणि आज मेजरसाहेबांची तपासणी!

“हे सरकारी हत्यार नाही. टाक पेटीत!” साहेब कडाडले.

सोनूच्या पोटात गोळा आला. संगिनीनं बांबू तुटत नाही, आणि वाट अडली की शत्रूची गोळी ठरलेली. त्यानं कोयता पुढे धरला.

“टाकतो, साहेब. पण परवा दसऱ्याला पलटणीची हत्यारं पुजताना आपणच याला कुंकू लावलंत. तेवढं आपल्याच हातानं पुसा.”

लढाईच्या तोंडावर सगळी पलटण साहेबांच्या बोटांकडे बघू लागली. साहेबांनी हात पाठीमागे नेले.

“उद्या कोयतेवाला सर्वांत पुढे!”

कोयता वाचला. पोटातला गोळा मात्र तिथंच राहिला.