गाड्याखाली कोण शिरतं?

कोणे एके काळी, डोंगरापलीकडचे मीठ चार चाकांच्या गाड्यांतून अलीकडे यायचे, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐकाच. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त कान देऊन ऐका, कारण यातली चूक मोठ्या माणसाचीच आहे.

एका गावात एक गाडीवान आणि त्याची बायको राहत. गाडा दोघांचा, कष्टही दोघांचे. वाटेत चाक ढिले झाले की गाडीवान पहारेने गाडा उचलायचा, खाली लोखंडी टेकू लावायचा, आणि बायको गाड्याखाली शिरून चाक पुन्हा पक्के करायची. तिची बोटे बारीक होती आणि अंग चपळ. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते. यात काही विशेष आहे असे गाडीवानाला कधी वाटले नव्हते.

एके दिवशी त्यांच्या टेकूला तडा गेला. राजधानीत तेव्हा जत्रा भरली होती आणि दूरदूरचे अवजारवाले आले होते. गाडीवान मिठाने भरलेला गाडा घेऊन निघाला, तेव्हा बायको म्हणाली, "बैल विकायची पाळी येईल असलं महाग काही आणू नका. आणि मोडेल असलंही आणू नका."

"एवढंच ना?" गाडीवान हसला. त्याला ते सोपे वाटले होते.

जत्रेत शिरल्या शिरल्या त्याला एक मखमली पेटी दिसली. आत हातोडे, सांडश्या, पकडी, पहार, टेकू, सगळे चकाकत होते. त्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसावे. किंमत मात्र इतकी कमी की गाडीवानाच्या तोंडाला पाणी सुटले. पुढच्या दुकानात राजाच्या रथांची अवजारे करणारा कारागीर बसला होता. त्याच्या टेकूवर मोरांची नक्षी होती. त्याची किंमत ऐकून गाडीवानाचे डोळे पांढरे झाले.

जत्रेच्या टोकाला चिंचेखाली एक म्हातारी लोहारीण बसली होती. तिच्यापुढे काळी, ओबडधोबड दिसणारी चार अवजारे होती. गाडीवानाने सहज टेकूचा भाव विचारला आणि तो उसळलाच.

"मावशी, पेटीभर अवजारं याहून स्वस्त मिळतात! तुमचा हा एकटा टेकू, तोही काळाकुट्ट!"

लोहारीण रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "गाड्याखाली कोण शिरतं?"

"बायको."

"मग आज तू शीर."

वस्तू घेण्याआधी वापरून पाहायची त्या जत्रेत रीतच होती. गाडीवानाने आधीच्या दोन्ही दुकानांतून एकेक टेकू मागून आणला. लोहारणीच्या दोन दणकट सुनांनी पहार लावून गाडा उचलला, पेटीतला टेकू खाली ठेवला, आणि गाडीवान आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच गाड्याखाली उताणा निजला.

टेकू कुरकुरला. मग वाकला. सुनांनी पहार सोडली नव्हती म्हणून बरे; गाडीवान कसाबसा लोळत बाहेर आला. त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता.

राजाच्या कारागिराचा टेकू जागचा हलला नाही. "उत्तमच आहे तो," लोहारीण मोकळेपणाने म्हणाली. "पण जास्तीचे पैसे मोरांचे आहेत."

शेवटी तिचा टेकू लावला. सुनांनी पहार काढून घेतली. गाडा एकदा स्थिरावला, आणि मग कसलाच आवाज आला नाही.

गाडीवान खाली पडून वर पाहू लागला. त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर मिठाच्या पोत्यांचा अख्खा डोंगर तोलून धरलेला होता, आणि तो धरला होता हातभर उंचीच्या तीन काळ्या पायांनी. मग त्याला आसाच्या खालच्या अंगाला, वाळलेल्या वंगणात, बोटांचे ठसे दिसले. बारीक बारीक, शेकडो, एकावर एक. बायको इथे हात टेकत होती. या डोंगराखाली ती इतकी वर्षे निजत होती, आणि बाहेर आली की "चला, झालं" म्हणून हात पुसत होती. गाडीवानाला आधी लाज वाटली. मग त्याला तिचा असा अचंबा वाटला की डोळे भरून आले.

"अरे, बाहेर ये की आता!" लोहारीण ओरडली.

त्याने तो एकच टेकू घेतला. पेटी घेतली नाही, मोरही घेतले नाहीत.

पुढच्या खेपेला ऐन घाटात चाक ढिले झाले. "आज मी शिरतो," गाडीवान म्हणाला.

"तुमची बोटं मावायची नाहीत तिथं," असे म्हणून बायको आत गेलीसुद्धा.

तेवढ्यात वरच्या कड्यावरून दगड सुटले. एक भला मोठा धोंडा गाड्याच्या कडेवर आदळला. बैल बुजून ओढू लागले, गाडा दरीकडे झुकला, पोती घसरली. गाडीवानाने ओरडून गाड्याला खांदा दिला. पण एका माणसाच्या खांद्याने काय होणार होते? सगळा भार टेकूवर आला. टेकूचे पाय मातीत बोटभर रुतले आणि तिथेच ठाम उभे राहिले. गाडा डुलला, परतला, थांबला. धूळ खाली बसली, तशी आतून हातोड्याची ठकठक पुन्हा सुरू झाली.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली. गाडीवान दोन्ही हात जोडून उभा होता.

"अहो, हे काय? टेकूला नमस्कार करताय?"

"टेकूला केला मघाशी," गाडीवान म्हणाला. "हा तुला."

तात्पर्य: ज्या अवजाराच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव ठेवायचा, ते घेण्याआधी त्याच्याखाली आपण स्वतः निजून पाहावे.