आईनं घेतलेलं माप

फार जुन्या काळची गोष्ट सांगते, बायांनो आणि बाळांनो. डोंगरावर देवीचं ठाणं होतं, पायथ्याला गाव होतं आणि त्या गावात एक पाटलीण होती.

तिच्या लग्नात तिच्या आईनं दोऱ्यानं पायाचं माप घेतलं आणि लेकीला लाल चामड्याच्या वहाणा करून दिल्या. पुढं आई देवाघरी गेली. दोरा तेवढा राहिला. वहाणा झिजल्या, की पाटलीण त्याच मापाच्या नव्या करून घ्यायची. पायात सरकवल्या, की माहेरचं सारवलेलं अंगण आणि आईचा ओला हात, सगळं जवळ यायचं.

पण वर्षं सरली, पाय पसरले. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं, अंगठा शेजारच्या बोटावर कलला, टाचा भेगाळल्या. ती लंगडत चाले. पाणवठ्यावर बाया म्हणत, "पाटलीणबाईंचं पाऊल जड गं बाई! मान मोठा ना!" ती हसून सोडून देई.

एका साली तिची लेक तापानं फणफणली. पाटलीण डोंगरावरच्या देवीला नवस बोलली, "आई, पोर उठू दे. पायी येऊन तुझी ओटी भरीन."

लेक उठली. पाटलीण ओटी घेऊन निघाली आणि पहिल्याच चढाला मटकन खाली बसली.

गड्यांनी मेणा आणला. "नको रे," ती म्हणाली, "पायी येईन म्हटलंय मी." तिचे डोळे भरून आले.

सोबत तिची म्हातारी मावशी होती. तिनं वहाणा काढून पाय मांडीवर घेतला. सुजलेलं हाड बघून कपाळाला हात लावला.

"अगं, काय करून घेतलंस हे?"

"आईनं घेतलेलं माप आहे, मावशी. मोडू कसं?"

"वेडे! तेव्हा तू परकरी पोर होतीस. माझी बहीण असती, तर दर दिवाळीला तुझा पाय नव्यानं मापला असता तिनं!"

पाटलीण मावशीच्या कुशीत शिरून पोटभर रडली.

मग मावशीनं तिला घरी नेलं, कोमट पाण्यानं पाय शेकले, तेल चोळलं. रुंद, मऊ वहाणा करवून घेतल्या. हाड काही आत गेलं नाही, पण ठणका उतरला. पुढच्या पौर्णिमेला लेकीचा हात धरून, बसत-उठत, पाटलीण डोंगर चढली. ओटी भरली. उशीर झाला म्हणून देवी रागावली नाही. तीही आईच की!

म्हणून सांगते, आठवण मनात जपावी, पायात घालून चालू नये.